खोत, गावंड आणि ही

"ए, आवर गो! साडेअकरा वाजले!"

मांडवाच्या खांबाला टेकून मी तिसऱ्यांदा ओरडलो आणि तिसऱ्यांदा बायकांच्या घोळक्यातून पिठाने माखलेला एक हात वर आला. त्या हाताचा अर्थ तेहतीस वर्षांच्या संसारात मला पाठ झालाय. गप उभे राहा, नाहीतर घरी जा.

हात माझ्या बायकोचा. आमच्या करावे गावात लहानथोर सगळे तिला सगुणाकाकी म्हणतात. ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर, आधी धवलारीण लागते. देव बसवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिने धवला म्हणायचा, म्हणजे लग्नाचं गाणं, आणि अख्ख्या घराने ती सांगेल तसं करायचं. आज शेजारच्या पुतळाच्या मुलीची हळद होती. आणि आजच दुपारी दोन वाजता तुर्भ्याला हिची बी.ए.ची तोंडी परीक्षा. असा योग जुळून यायला सुद्धा नशीब लागतं!

"शिवाभाऊ, कनाला तापताव?" पुतळाने माझ्या हातात सरबताचा ग्लास कोंबला. "पोचल ती. परीक्षा काय पलून जाते?"

"परीक्षा नाय पलत, मास्तर पलतात," मी म्हणालो.

बी.ए.ची भानगड आधी सांगून टाकतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजातली एक बाई आमच्याकडे आली होती. दोन दिवस राहिली, हिचे धवले फोनमध्ये भरून घेतले, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी मनापासून खाल्ली. सहा महिन्यांनी तिचा छापलेला लेख पोस्टाने आला. ही चष्मा लावून ओट्यावर वाचत बसली. वाचता वाचता थांबली आणि मासिक माझ्या नाकापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं, 'हे गाणे मला एका निरक्षर धवलारणीने सांगितले.'

आता निरक्षर बाई हे वाचणार कशी, असा विचार करूनच त्या लेखिकेने अंक पाठवला असेल तर ठाऊक नाही. ही आठवी शिकलेली. पुढे हिच्या आत्याने हिला लग्नांना सोबत न्यायला सुरुवात केली आणि शाळा सुटली, एवढंच. मला वाटलं आता ही रडेल. कसली रडते! पुढच्या सोमवारी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म घेऊन घरी आली. आधी प्रवेशासाठीची परीक्षा, मग पहिलं वर्ष, मग दुसरं. लग्नसराई आली की अभ्यास बाजूला, पावसाळ्यात पुन्हा पुस्तकं बाहेर. असं करत सगळे विषय निघाले, राहिली ती एक तोंडी. गेल्या वर्षी टेबलापलीकडच्या बाईंनी प्रश्न विचारला आणि हिच्या तोंडाला जे कुलूप लागलं, ते घरी येईपर्यंत उघडलं नाही. तीनशे बायकांपुढे दिवसभर गाणारी बाई, एका टेबलापुढे मुकी! यंदा शेवटची संधी. नोंदणीची आठ वर्षांची मुदत संपत होती. आज तोंड उघडलं नाही तर केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग मी ओरडू नको तर काय करू?

तोंडी होती एका जुन्या कादंबरीवर. ती मला हिच्याइतकीच पाठ आहे, कारण ही मोठ्याने वाचायची आणि मी लसूण सोलत ऐकायचो. खाडीकाठचं गाव. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून घातलेला बांध. त्या बांधावर लोकांना कामाला लावणारे दोन पुढारी, एकामागून एक झालेले. पहिला भिकाजी खोत. हातात काठी, तोंडात शिव्या. तो गरजला की तापाने फणफणलेला माणूससुद्धा उठून चिखलाची पाटी उचलतो. पुढे गाव वैतागून त्याला काढतं आणि दामू गावंडला आणतं. दामू म्हणजे देवमाणूस. चार जणांना विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. मग एका उधाणाच्या भरतीला बांध फुटतो. दामू सगळ्यांना 'काय करू या' विचारत राहतो आणि तोवर पाणी उंबऱ्याला लागतं. शेवटी बिचारा स्वतःच त्या भगदाडात आडवा पडतो आणि जातो.

या दोघांवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी सख्ख्या नातेवाइकांवरून झाली नाहीत. मी खोताच्या बाजूचा. पंचवीस वर्षं रिक्षा स्टँडवर काढलेल्या माणसाला विचारून बघा, कुणीतरी दम दिल्याशिवाय लाइन लागत नाही. गाइडवाला दामूच्या बाजूचा. खोत म्हणजे हुकूमशाही, दामू म्हणजे लोकशाही, दामू आदर्श, विषय संपला. आणि ही? ही दोघांवरही नाराज. का म्हणून विचारलं की म्हणायची, "थांबा, अजून वाचतंय मी." चार वेळा वाचून झाली तरी हिचं आपलं वाचतंयच.

तर मांडवात. उशीर का होत होता, तर तिथे क्षिप्रा होती. पुतळाच्या मुलाने हौसेने हळदीला इव्हेंटवाली लावली होती. कामोठ्याची पंचविशीची मुलगी, कानात यंत्र, हातात माइक, गळ्यात वेळापत्रकाचा कागद. पोरगी कामसू होती, खोटं कशाला बोलू. पण कागदावर 'दहा ते दहा वीस, घाणा शूट' असं लिहिलं की घाणा दहाला भरतो, अशी तिची समजूत होती. घाणा म्हणजे पाच सवाष्णींनी मुसळ धरून उखळात कांडायचं, बस्स. वीस मिनिटांचं काम.

"ऑल लेडीज, प्लीज, पाच जणी पुढे या!" क्षिप्रा माइकवर. "फास्ट! ड्रोन रेडी आहे!"

एकही लेडी हलली नाही. पाच जणी म्हणजे कुठल्या पाच? मोठीच्या आधी धाकटी उठली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागणार. त्यात पुतळाच्या दोन जावा, हौसा आणि गुलाब, कुठल्याशा कालवणाला नाव ठेवण्यावरून दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या दोघी मांडवाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसल्या होत्या.

"अरे, मला जरा रिस्पॉन्स द्या ना! शेड्यूलची वाट लागलीय माझ्या!" क्षिप्राचा आवाज चिरकला.

मग पुतळाचा नवरा उठला. गरीब माणूस. हात जोडून म्हणाला, "बायांनो, भांडू नका. तुमीच ठरवा कोनी धरायचा ते. तुमाला पटल तसा करा."

झालं! ठरवा म्हटल्यावर चाळीस बायका एकदम बोलायला लागल्या. दहाचे अकरा झाले, अकराचे साडेअकरा. ही आत देव बसवण्यात आणि तांदळाचं पीठ मळण्यात गुंतलेली, माझ्या हाकेला तेवढी डोकावून हात दाखवत होती, तो मघाशी सांगितला. शेवटी बाहेर आली. पदर खोचला, मांडवावरून एकदा नजर फिरवली. आवाज चढवला नाही की काही नाही.

"हौसा, तू मुसल धर. गुलाब, तू तिच्या समोर. चांगुणाबाय, तुजे गुडगे दुखतान, तू नको उभी राहू, तू बसून सुपातला भात ओत. प्राची, बाल आजीकडं दे, तू ये. पुतळा, तू पन." मग माइककडे वळली. "क्षिप्रा, बाय, तुजा लगीन झालाय ना?"

"हो, मेमध्ये. का?"

"मंग तो माइक खाली ठेव. पाचवी तू."

"मी? काकी, मी तर मॅनेजमेंटची..."

"धर गो."

क्षिप्राने धरलं. आता एका मुसळाला हौसा आणि गुलाब समोरासमोर आल्या म्हटल्यावर बोलल्यावाचून चालतंय का? एकीने उचलायचं तेव्हाच दुसरीने उचलायचं, नाहीतर मुसळ पायावर. दोन घाव झाले, तीन झाले आणि गुलाब म्हणाली, "हलू गो, हात तुटल माजा!" दोन वर्षांतलं पहिलं वाक्य! हौसा फसकन हसली, ती हसली म्हणून चाळीस बायका हसल्या, आणि क्षिप्रा तर आपल्या कानातलं यंत्र काढून फेकून, केस सुटले तरी कांडतेय! ड्रोन वर भिरभिरत राहिला, त्याला कुणी विचारलं नाही.

मग हिने धवला लावला. धवल्यात देवांना आमंत्रण असतं. ही एकेकाला नाव घेऊन बोलावते. गावदेवी, खाडीवरचा देव, वेशीवरचा देव, मग त्या घरातली गेलेली माणसं, पणज्यापासून थेट गेल्या वर्षी वारलेल्या काकापर्यंत. एकाचंही नाव चुकत नाही. आणि लावलेला धवला मध्ये तोडायचा नाही, हा तिच्या आत्याचा कायदा. साडेबारा झाले. मी ओरडलो नाही. खरं सांगू? मी ऐकत राहिलो. पुतळाच्या नवऱ्याच्या आईचं नाव आलं तेव्हा तो गडी डोळे पुसायला लागला, आणि परीक्षा नावाची काही वस्तू जगात आहे हेच मी विसरून गेलो.

एक वाजून दहा मिनिटांनी ही माझ्या रिक्षात बसली. कपाळाला हळद, गालाला हळद, हिरव्या लुगड्यावर पिवळे पंजे. मांडीवर कादंबरी आणि गाइड.

नेरूळ, जुईनगर, सानपाडा, सगळं सुरळीत. तुर्भ्याला वळलो आणि पुढे ट्रकच ट्रक. एक लांबडा ट्रेलर वळताना रस्त्यात आडवा होऊन बसला होता. मी उतरलो, त्या ड्रायव्हरला हिंदीत चार शब्द ऐकवले, त्याने मला पंजाबीत सहा ऐकवले. ट्रेलर जागचा हलला नाही. मागे ही डोळे मिटून पुटपुटत होती, "खोत हा हुकूमशाही प्रवृत्तीचा, तर दामू हा लोकशाही मूल्यांचा..."

"पाठ झाला का?" मी विचारलं.

"झालाय."

"मंग बोल बगू मोठ्यान."

मागे पुस्तक मिटल्याचा आवाज आला. आरशात बघितलं तर हिचा चेहरा पडलेला. "आता नाय जमत वो," ती म्हणाली. "त्या टेबलाकडं बगितला का माजं शब्दच पलतात. मांडवात मना कोन प्रश्न इचारत नाय."

"खोताचा नाव घे आनि कर सुरू," असं काहीतरी बडबडलो.

"तुमी गप ऱ्हावा. खोतवाले!"

पाऊण तास तिथे गेला. तुर्भ्याच्या त्या शाळेत पोचलो तेव्हा तीनला पंचवीस कमी. रविवारी शाळेच्या पहिल्या मजल्यावर विद्यापीठाचं केंद्र भरतं. जिन्यातच प्रसाद सर भेटले. हे हिचे मार्गदर्शक. आठ वर्षांत या माणसाने घरी फोन करकरून हिला शिकवलं, नोट्स दिल्या, फी भरायची तारीखसुद्धा आठवण करून दिली. त्यांच्या चांगुलपणाला तोड नाही. फक्त त्यांच्या तोंडून एक ठाम वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"अरे वा, आलात! बरं झालं," सर म्हणाले. "काळजी करू नका. म्हणजे, उशीर झालाय. मॅडमनी यादी बंद केली. बोलून बघू का मी? पण त्या जरा कडक आहेत. काय करू या? तुम्हाला काय वाटतं?"

मी मनात म्हटलं, आला दामू गावंड.

वर वर्गात बाहेरच्या परीक्षक होत्या, वैदेही मॅडम. पन्नाशीच्या, ताठ, मनगटावर मोठं घड्याळ. पर्सची चेन लावत होत्या. मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभा राहिलो. ही दारात. आत दोन-चार विद्यार्थी सामान आवरत होते.

"मॅडम, बत्तीस नंबर आल्यात," प्रसाद सर म्हणाले. "म्हणजे तुमची हरकत नसेल तर, पाच मिनिटं, नाहीतर राहू दे, तुम्ही म्हणाल तसं..."

"बत्तीस नंबर गैरहजर लागलाय." मॅडमनी वरसुद्धा बघितलं नाही. "अडीचला यादी बंद, हे मी सकाळी सांगितलं होतं. साडेतीनला मला पनवेलचं केंद्र आहे. नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या वर्षी या म्हणावं."

त्यांचं काही चुकत नव्हतं, हेच तर वाईट. पुढचं वर्ष नाही हे प्रसाद सरांना माहीत होतं. ते टेबलावरचे कागद उगाच नीट लावायला लागले. हिची बोटं पदराचं टोक पिळायला लागली. गेल्या वर्षी अश्शीच उभी होती. माझा जीव तुटला. आठ वर्षं डोळ्यांपुढून गेली. गॅसवर भात आणि ओट्यावर पुस्तक, करपलेला भात खाऊन मी किती बोंब मारली होती ती पण आठवली. मी खिडकीतून हात घालून काहीतरी ओरडणार, तेवढ्यात ही बोलली.

"मॅडम, खाली बसा."

आवाज मोठा नव्हता. पण मांडवातला होता.

मॅडम बसल्या. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बसलो. प्रसाद सर बाकावर बसले. सामान आवरणारे विद्यार्थी बसले. देवाशपथ सांगतो, बाहेर मीसुद्धा टेकायला जागा शोधत होतो!

"आठ वर्सं झाली मना," ही म्हणाली. "आज शेवटचा दिस हाय. लग्नाचा धवला लावला व्हता, तो मधी तोडता येत नाय. उशीर माजा हाय, मी नाय बोलत नाय. पन मना इचारा."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग हिच्या गालावरच्या हळदीकडे बघितलं. 'गैरहजर' खोडलं. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "नंबर बत्तीस. कादंबरीतल्या भिकाजी खोत आणि दामू गावंड यांच्या नेतृत्वाची तुलना करा."

ही टेबलापुढे बसली. सुरू झाली, "खोत हा हुकूमशाही प्रवृत्तीचा, तर दामू हा लोकशाही मूल्यांचा... मूल्यांचा..."

आणि अडकली. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

"मॅडम, हे गाइडातला हाय," ही एकदम म्हणाली. "माजा सांगू?"

"सांगा की."

"त्या दोघांची एकच चूक हाय. खोत काम सांगतो, पन पुस्तकभर त्यान कुनालाच नावान हाक मारली नाय. मी चारदा वाचलंय. 'ए' बोलतो, 'अरे' बोलतो, 'तू' बोलतो. त्याला ठावकच नाय कोन कोन हाय ते. ताप आलेल्याला चिखलाची पाटी उचलाय लावतो आनि धडधाकट पैलवानाला पेंढा. दामूला सगल्यांची नावा ठाव. पोराबालांची पन. पन तो काम कोनालाच नाय सांगत. नाव घेतो आनि इचारतो, तुला काय वाटता? भरती काय थांबल तोवर?"

मॅडम पुढे सरकल्या. "कुणालाच नावाने हाक मारलेली नाही?" त्यांनी टेबलावरचं पुस्तक ओढलं आणि भराभर पानं उलटायला लागल्या. बराच वेळ उलटत होत्या. एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा, इथे मारलीय. 'ए लंगड्या.'"

"ते नाव नाय मॅडम. ती शिवी हाय."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मॅडमनी कडक नजरेने मागे बघितलं, पण त्यांचाही ओठ एका बाजूला गेला होता.

"बरं. मग तुमच्या मते खरा नेता कोण? गाव कुणाच्या हाती द्यावं?"

"तो दोघांतला नाय. दोनशे बाराव्या पानावर एक म्हातारी हाय."

"म्हातारी?" मॅडमनी पान काढलं.

"बांध फुटल्यावर ती पान्यात उभी ऱ्हाते. बोलते, 'धाकल्या, पेंढा आन. सोन्या, दगड तू दे. काशी, पोरांना माल्यावर चढव.' तीन वाक्यं हायत तिची सगली. पन त्या बांधाचा तिचा तेवढाच तुकडा शेवटपत्तूर टिकलाय. पुढच्या पानावर लिवलंय."

मॅडमनी पुढचं पान बघितलं. लिहिलेलं होतं. मी साक्षीदार आहे, मी ते लसूण सोलता सोलता दहा वेळा ऐकलंय आणि दहाही वेळा माझ्या डोक्यावरून गेलंय.

"ते गौण पात्र आहे," मॅडम हळू म्हणाल्या. "बावीस वर्षं शिकवतेय मी ही कादंबरी. या म्हातारीवर कधी प्रश्न आला नाही."

"कसा येल? प्रश्नात लिवनार काय? सगल्यांची नावा घेणाऱ्या बाईला लिवनाऱ्यान नावच नाय दिला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पाचाची पंधरा मिनिटं झाली होती. पनवेलचं त्यांनी नाव काढलं नाही, आणि आठवण करून द्यायची प्रसाद सरांची छाती नव्हती.

"तुमचं नाव काय?" मॅडमनी विचारलं.

"यादीत हाय."

"यादीत आहे. तुम्ही सांगा."

ही ताठ बसली. "सगुणा शिवा भोईर."

मॅडमनी गुणांच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मग उठल्या, पर्स घेतली. "पुढच्या वेळी वेळेवर या, सगुणाबाई."

"पुढची वेल नाय मॅडम मना!" ही घाबरून म्हणाली.

"नाहीच आहे. पास झालात तुम्ही. बी.ए. झालात." आणि वळता वळता म्हणाल्या, "त्या पानावर मी खूण करून ठेवतेय."

प्रसाद सरांनी टाळ्या वाजवल्या. आधी एकटेच, मग पोरांनीही. सरांच्या आयुष्यातला तो पहिला ठाम आवाज असावा! मी खिडकीतून ओरडणार होतो, पण त्याऐवजी नाक शिंकरत जिना उतरलो. बायकोपुढे रडायची आमच्याकडे पद्धत नाही.

रिक्षा मी रस्त्यापलीकडे, ट्रकांच्या रांगेमागे लावली होती. तिथे उभा राहिलो. थोड्या वेळाने ही फाटकातून बाहेर आली. सोबत दोन-तीन तरुण पोरी, त्या हिच्याशी हसून बोलत होत्या, हिचा फोन नंबर घेत होत्या. निरोप घेऊन ही निघाली ती भलत्याच बाजूला, स्टेशनाकडे. मला शोधत होती आणि मी ट्रकाआड.

हाक मारायला मी तोंड उघडलं. जिभेवर आलं ते नेहमीचं, 'ए.'

आणि तो 'ए' तिथेच अडकला. आमच्यात चारचौघांत नवरा बायकोचं नाव घेत नाही. माझ्या बापाने कधी घेतलं नाही, म्हणून मीही घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. चारचौघांत सोडा, घरातही नाही. 'ए', 'अगो', 'आयकलास का'. तेहतीस वर्षं. स्टँडवरच्या एकूण एक रिक्षावाल्याचं नाव मला येतं, आणि जिच्या हातचं खातो तिला मी हाक मारतो 'ए'. खोताच्या बाजूने उगाच नाही भांडत होतो मी! लाज वाटली. भर दुपारी, भर रस्त्यात, साठीला टेकलेल्या माणसाला कानापर्यंत लाज वाटली.

"सगुणा!"

मोठ्याने निघाली हाक. ट्रकाच्या सावलीत झोपलेला क्लीनर उठून बसला. ही थांबली. आजूबाजूला बघायला लागली, कुणी हाक मारली म्हणून. पुन्हा मारली, "सगुणा! हितं!" तेव्हा कळलं तिला. पदर तोंडावर धरला आणि रस्ता ओलांडून, माझ्याकडे न बघता, येऊन मागे बसली.

"काय ही वरडायची रीत," म्हणाली. एवढंच.

मी रिक्षा सुरू केली. सानपाडा आला. सिग्नलला थांबलो. आरशात बघितलं तर ती बाहेर बघत होती, हळद वाळून गालाला भेगा पडल्या होत्या आणि त्यातून हसू बाहेर येत होतं. मी बघतच राहिलो. मागच्या गाड्या पों पों करायला लागल्या तरी मला भान नाही.

"शिवा," ती म्हणाली, "सिग्नल सुटला."

मी गिअर टाकला.